शेतातील भुसकट आणि उपयोगी जंतू

सोयाबीनची मळणी आटोपली की धाराशिव जिल्ह्यात खळ्याच्या कडेस भुसकटाचे ढीग पडतात. उसाच्या फडात पाचट राहते. पुष्कळदा हे दोन्ही जाळून टाकण्यात येते. अशा पदार्थांवर विशिष्ट जंतू वाढवून उद्योगधंद्यांस लागणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, तयार करता येतात. त्याची रीत व त्यातील शेतकऱ्याचा भाग येथे सांगावयाचा आहे.

सजीवांच्या शरीरात तयार होणारे व रासायनिक क्रिया जलद घडविणारे द्रव्य म्हणजे विकर होय. भाकरीचा घास चावीत राहिल्यास गोड लागतो. कारण लाळेतील विकर पिष्टाची साखर करते. जंतूंना तोंड नसते. ते विकरे बाहेर सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. म्हणूनच ही विकरे पाण्याने धुऊन वेगळी काढता येतात.

या कामी बॅसिलस सबटिलिस हा जंतू विशेष उपयोगी पडतो. तो मातीत व वाळल्या गवतात आढळतो. गव्हाचा कोंडा किंवा बारीक केलेले भुसकट ओलवून, वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस उष्णतेवर सुमारे वीस मिनिटे ठेवतात. नुसते उकळणे पुरत नाही, कारण काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. थंड झाल्यावर, दुधास विरजण लावावे त्याप्रमाणे, शुद्ध जंतूंचे विरजण लावतात. सुमारे ३७ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून विकर धुऊन व गाळून घेतात. विणण्यापूर्वी सुतास दिलेली खळ कापडातून काढणे, चामड्यावरील केस सोडविणे, कागदाचा लगदा उजळ करणे व धुण्याची पावडर बनविणे या कामी अशी विकरे लागतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. शुद्ध विरजण अशाच ठिकाणाहून घ्यावे लागते. हे काम घरी करण्याजोगे नाही. त्यात परके जंतू सहज शिरतात, आणि विकराची कोरडी भुकटी श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो.

शेतकऱ्याचा भाग कच्चा माल राखण्याचा आहे. भुसकट कोरडे ठेवावे, पावसापासून झाकावे. त्यात माती, प्लास्टिक किंवा दुसऱ्या पिकाचा काडीकचरा मिसळू देऊ नये. बुरशी चढलेला माल जनावरांस देऊ नये व विकण्यासही ठेवू नये.

तथापि सर्वच भुसकट विकणे हिताचे नाही. आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे. प्रथम जनावरांची वैरण, नंतर जमिनीचे खत व आच्छादन, आणि त्यातूनही उरेल तेच विक्रीस, असा क्रम ठेवावा. खरेदीदार व दर निश्चित झाल्यावाचून साठा करू नये. गिऱ्हाईक नसल्यास उरलेल्या मालाचे कंपोस्ट करावे. तेथेही जंतू हीच विकरे सोडून काडी कुजवितात आणि त्याचा लाभ आपल्याच शेतास मिळतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मळणीपूर्वीच ही गोष्ट गावकऱ्यांस समजावून द्यावी.