स्की की स्का?

पुण्यातला माझा एक मित्र क्राकोवच्या टीमबरोबर काम करतो. पहिल्याच मेलमध्ये पठ्ठ्याने तिकडच्या कलीगला 'डिअर मिस्टर विश्न्येव्स्का' म्हणून टाकलं. लगेच रिप्लाय, "मिस्टर असते तर विश्न्येव्स्की नसते का?" पोलिशमध्ये भाऊ स्की, बहीण स्का. बिच्चारा! पण चूक पथ्यावर पडली, गट्टी जमली. एक दिवस तिने विचारलं, "कोल्हापूर तुझ्यापासून किती लांब?"

तिचे आजोबा लहानपणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत होते. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सायबेरियाकडे नेली. पुढे त्यातले काही जण सुटून इराणमार्गे भारतात पोचले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. घर गेलं, कागद गेले, आडनाव तेवढं सोबत आलं. आजोबा आता नाहीत. रिटायर झालेल्या बाबांना मूळ गाव एकदा बघायचंय. आडनावावरून ते सापडेल?

वाटतं तर सोपं. 'स्की' म्हणजे जवळपास आपलं 'कर'. विश्न्या म्हणजे चेरी, त्यावरून गाव विश्न्येवो, तिथला तो विश्न्येव्स्की. पण विश्न्येवो नावाची गावं तिकडे ढिगाने आहेत! शिवाय 'स्की' आधी जमीनदार सरदारांनी मिरवलं, मग साध्या माणसांनीही उचललं. कोवाल म्हणजे लोहार, त्याचाही कोवाल्स्की झाला. (घराण्याचं चिन्ह छापलेला मग ऑनलाइन घेणार असाल तर थांबा. एकाच चिन्हाखाली एकमेकांशी नातं नसलेली कितीतरी घराणी असायची.) पोलंडमधलं नंबर वन आडनाव कुठलं, माहितेय? नोवाक. म्हणजे नवा आलेला. आता बोला!

म्हणून जाणकार सांगतात, आडनाव बाजूला ठेवा, आधी चर्चची वही गाठा. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं तिथे. पण १७९५ पर्यंत तीन साम्राज्यांनी पोलंड वाटून घेतला होता, त्यामुळे वही कुठे लॅटिनमध्ये, कुठे जर्मनमध्ये, तर वॉर्साच्या बाजूला १८६८ नंतर चक्क रशियनमध्ये. पूर्वेकडच्या काही वह्या आज वॉर्साच्या अभिलेखागारात आहेत, काही युक्रेन-बेलारूसमध्ये.

खरी मदत होते ती बायकांच्या नावांची. पूर्वी नोवाकची बायको नोवाकोवा असायची, लेक नोवाकूव्ना. आणि लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे 'झ दोमू' लिहून माहेरचं आडनाव देतात. शब्दशः अर्थ, 'घरातून'. पणजीचं माहेरचं आडनाव असंच हाती लागलं, आजोबांच्या एका जुन्या दाखल्यावर. विश्न्येव्स्की हजारो, पण त्या माहेरच्या आडनावाची बायको असलेला विश्न्येव्स्की किती जण असणार? आता शोध त्या जोडीचा चाललाय.

बाबांचं म्हणणं, गाव सापडेल तेव्हा सापडेल, आधी वळिवडं बघू. मित्राने फेब्रुवारीतली चार दिवसांची लीव्ह आत्ताच टाकून ठेवलीय.