भटक्या प्राण्यांचा सांभाळ : संस्थेत की घरात?

सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांतील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा देशभर वादंग माजले. अकराच दिवसांनी त्रिसदस्य पीठाने तो सौम्य केला. नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली व आक्रमक मात्र सोडू नयेत, असे ठरले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश निघाला. या वादात प्राणिप्रेमी आणि प्राण्यांना भ्यालेले असे दोन तट पडले. दोहोंपैकी कुणाचीही बाजू खोटी म्हणता येणार नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. आपल्या मुलाला कुत्रे चावलेल्या आईला भूतदयेचे धडे कुणी देऊ नयेत. परंतु ‘निवारा’ हा शब्द ज्या सहजतेने उच्चारला गेला, त्या सहजतेने निवारा चालत नाही, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

मारून हा प्रश्न सुटत नाही, हे मुंबईइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असणार? कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून या शहरात १८३२ साली पारशी समाजाने दंगल केली होती. आणि महानगरपालिका १९९४ पर्यंत कुत्री मारीतच होती. कुत्री संपली नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. पैकी पावणेतेरा लाख महाराष्ट्रातील. आता सोपे गणित करावे. एका कुत्र्याच्या केवळ अन्नासाठी दिवसाला ४० रुपये धरले, तरी सगळी कुत्री कोंडवाड्यात ठेवायची तर वर्षाला बावीस हजार कोटींवर रुपये लागतील. जागा, नोकर, डॉक्टर, औषधे वेगळीच. इतका पैसा कोणतीही नगरपालिका उभा करणार नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

शिवाय निवारा ही रुग्णालयासारखी वस्तू आहे. तेथे आजारी जीवाने यावे, बरे व्हावे आणि निघून जावे. मुक्काम लांबला की नफ्याचे नुकसान होते. भाद्रपदात जुळलेल्या जोड्यांची पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास रस्त्यांवर दिसू लागतात. गाडीखाली आई गेलेली, गटारात पडलेली अशी पिल्ले त्याच दिवसांत संस्थांकडे येतात. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा आतड्यांचा रोग अशा गर्दीत वणव्यासारखा फिरतो, आणि त्याचे विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतात. दुसरे संकट डोळ्यांना दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसाला ओळखू लागते. मांजरीच्या पिल्लाचा हा काळ त्याहून आखूड, दुसऱ्या ते सातव्या-नवव्या आठवड्याचा. हे दिवस पिंजऱ्यात गेले की प्राणी बुजरा राहतो, बुजरा प्राणी कुणी नेत नाही, आणि न नेल्यामुळे तो पिंजऱ्यातच राहतो. दारिद्र्याच्या दुष्टचक्राविषयी विद्यार्थी जे वाचतात, ते येथे चार पायांवर उभे असते.

यावरचा एक उपाय म्हणजे प्राणी काही आठवड्यांपुरता घरी सांभाळणे. शहरांतील प्राणिमित्रांत यासाठी ‘फॉस्टर’ हा इंग्रजी शब्द रुळला असला, तरी कल्पना आपल्याला परकी नाही. खेड्यापाड्यांत शेळी किंवा गाय अर्धलीने देण्याची रीत आहेच : जनावर एकाचे, सांभाळ दुसऱ्याचा, वेताचा वाटा दोघांचा. येथे वाटा मिळत नाही, एवढाच फरक. आणि तो लहान नाही. प्राणी संस्थेचा राहतो, घर उसने. कायमचा मालक मिळाला, जखम भरली किंवा लशी पूर्ण झाल्या की तो परत द्यायचा.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत पाच निवाऱ्यांतील दोनशेवर कुत्र्यांच्या लघवीतील ताणाचे रसायन मोजून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक-दोन रात्री माणसाच्या घरी राहिलेल्या कुत्र्यांचा ताण उतरला. निवाऱ्यात परतताच तो पूर्वीच्या पातळीवर गेला. वाढला मात्र नाही. म्हणजे सुटी द्यावीच, पण सुटीने नोकरी सुसह्य होत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले, असे कुणी कारकून म्हणेल आणि ते फारसे चुकीचेही ठरणार नाही. खरा लाभ दुसराच आहे. घरात राहिलेला प्राणी घंटेला भुंकतो की दडतो, मुलांशी कसा वागतो, हे सांगता येते. नेणाऱ्याला माल पारखून घेता येतो.

आता खर्चाची बाजू. संस्थेच्या ताळेबंदात जो आकडा कधी येत नाही, तो म्हणजे घरातील श्रम. डोळे न उघडलेल्या मांजराच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. तेही गाईचे दूध नव्हे, कारण ते त्याला सोसत नाही व जुलाब होतात. पाजून झाल्यावर ओल्या बोळ्याने पुसून शी-शू करवावी लागते. हे कोण करते? ‘आम्ही एक पिल्लू सांभाळले’ असे कचेरीत सांगणारा गृहस्थ बहुधा रात्री दोन वाजता झोपलेला असतो. तेव्हा घरातील ज्या व्यक्तीवर काम पडणार तिचा होकार आधी घ्यावा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आले असताना, किंवा दिवाळीच्या फटाक्यांत, नवा भेदरलेला प्राणी आणू नये. घरात आधीचे जनावर असेल तर नव्याला दोन आठवडे तरी वेगळ्या खोलीत ठेवावे; एका खोलीच्या बिऱ्हाडाने हे जमणार नाही असे सरळ सांगावे, त्यात कमीपणा नाही.

संस्थांनीही भिडस्तपणा सोडायला हवा. पिल्लू हातात ठेवून दूरध्वनी न उचलणारे कार्यकर्ते कमी नाहीत, आणि चार आठवड्यांचे चार महिने झाले की ते घर पुन्हा कधी दार उघडत नाही. मुदत किती, डॉक्टरांचा व लशीचा खर्च कुणाचा, प्राणी कुणाला चावला तर कळवायचे कुणाला, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मुंबई-पुण्यात पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो. चार आठवड्यांच्या पाहुण्याचे काय, हा प्रश्नही त्याच कागदावर निकालात निघावा. भाडेकरूने घरमालकाला आधी विचारावे, कारण अर्ध्यावर परत केलेल्या पिल्लाचे हाल पहिल्यापेक्षा अधिक होतात.

न्यायालयाने २२ ऑगस्टच्या आदेशात प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली. घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. पण कायमचे दत्तक घेण्याची ऐपत थोड्यांची, आणि सहा आठवडे खोली देण्याची पुष्कळांची. नसबंदी केंद्रांच्या पिंजऱ्यांत शस्त्रक्रियेनंतर चार दिवस कुत्रे ठेवावे लागते. तेवढीच पिंजऱ्यांची संख्या, तेवढ्याच शस्त्रक्रिया. दुबळी पिल्ले आणि लंगडी कुत्री ज्या दिवशी तेथून घरोघर जातील, त्या दिवशी पिंजरा पुढच्या शस्त्रक्रियेला मोकळा होईल.