प्रयोगशाळेतील रिकामी जागा

वर्षाअखेरीस एका विभागाच्या साठ्याची मोजदाद दुसऱ्या विभागाच्या अध्यापकाने करावी, असा महाविद्यालयांतून प्रघात आहे. त्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचा, म्हणजे अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाचा, जीवशास्त्र विभागात प्रवेश झाला. सूक्ष्मदर्शक मोजून झाले, काचपात्रे मोजून झाली. परंतु ज्याच्यामुळे या वस्तू वापरण्याजोग्या राहत, तो प्रयोगशाळा परिचर आदल्या वर्षी निवृत्त झाला होता आणि त्याची जागा भरलेली नव्हती.

या माणसाचे काम नेमके कोणते? पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक घ्या. वेळापत्रकात ते दोन-तीन तासांत आटोपते. त्यासाठी कांदे मात्र काही दिवस आधीच पाण्याने भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर बसवावे लागतात, पाणी बदलावे लागते आणि फुटलेल्या मुळांची टोके योग्य वेळी कापून मद्यार्क व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवावी लागतात. अनुवंशशास्त्रासाठी पाळलेल्या फळमाश्यांना वेळच्या वेळी नव्या बाटलीत न्यावे लागते. त्यांना दिवाळीची सुटी नसते. वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला कसर लागू न देणे, तळ्यातून हायड्रिला आणणे, बागेला पाणी घालणे, परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे नमुने क्रमाने मांडणे आणि हात कापलेल्या विद्यार्थ्याला मलमपट्टी करणे, ही सारी कामे त्याच एका माणसाची.

ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे फायदे सांगितले. आमच्या प्रयोगशाळांनी त्याच्या नेमके उलट केले आहे. वेतनपत्रकात ती एकच ओळ असल्यामुळे काटकसरीची कात्रीही प्रथम तिच्यावरच चालते.

यावर असा युक्तिवाद होतो की, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिविच्छेदन थांबविल्यापासून हे काम कमी झाले. बेडूक व झुरळे गोळा करण्याची यातायात संपली, हे खरेच. ती संपली हे बरेही झाले. परंतु जुन्या संग्रहातील नमुने आता सहजासहजी नव्याने मिळणारे नाहीत, म्हणजेच त्यांच्या जतनाचे मोल वाढले आहे. बरणीतील फॉर्मॅलिन उडून जाते. ते पाहून भरावे लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करणारे असल्याचा निष्कर्ष २००४ मध्ये काढला. तेव्हा हे काम येत्या-जात्या शिपायावर सोपविण्याजोगे नव्हे. त्यासाठी हातमोजे हवेत, खेळती हवा हवी आणि जाणता माणूस हवा.

जागा रिक्त ठेवल्याने खर्च वाचला, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात तो तासिका तत्त्वावर नेमलेल्या एका अध्यापिकेवर ढकलला गेला. तिला मोबदला मिळतो शिकविलेल्या तासांचा. कांदे लावण्याचा व बरण्या पाहण्याचा नाही. तिने जमेल तेवढे केले. तिला दोष देण्याचे काही कारण दिसत नाही. पद मंजूर असताना ते भरणे आणि पूर्वतयारीचे तास कार्यभारात धरणे, एवढे तरी संस्थाचालकांनी व शासनाने करावयास हवे.

मोजदादीच्या अखेरीस सापांच्या बरण्या निघाल्या. एकीतील द्रव निम्म्यावर आला होता आणि वर उघडा पडलेला भाग आक्रसून काळा पडला होता. चिठ्ठीवरील अक्षरे पुसली होती. नग एक, नोंदीप्रमाणे बरोबर. पुढच्या रकान्यात 'सुस्थितीत' असे लिहावयाचे होते. तो रकाना प्रस्तुत लेखकाने कोरा सोडला.