अमेरिकेत परसात मुळा लावायचाय? आधी 'फ्रॉस्ट डेट' बघा!

एप्रिल आला की न्यू जर्सीतल्या अनेक मराठी घरांमागे वाफे तयार होतात. मेथी, कोथिंबीर आणि आपला लांब पांढरा मुळा. पण बऱ्याचदा मुळा पोसण्याआधीच त्याला फुलं येतात आणि हाती लागतात फक्त डिंगऱ्या. असं का होतं?

रात्री तापमान शून्याखाली गेलं की पानांवर बर्फाचा पातळ थर जमतो. हाच फ्रॉस्ट. वसंतात तो शेवटचा आणि पानगळीत पहिला कधी पडतो, याच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या तारखा म्हणजे फ्रॉस्ट डेट. मध्य न्यू जर्सीत त्या साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतात. अर्थात हा अंदाज आहे, हमी नाही.

मुळा हलका फ्रॉस्ट सोसतो. त्यामुळे 25-30 दिवसांत तयार होणारा गोल लाल मुळा शेवटच्या फ्रॉस्टच्या 4 ते 6 आठवडे आधी, म्हणजे मार्चच्या मध्यापासून पेरता येतो. टोमॅटोबाबत मात्र ही घाई नको!

पांढऱ्या मुळ्याला 50-60 दिवस लागतात. एप्रिलमध्ये पेरला तर तो जूनच्या मोठ्या दिवसांत आणि उन्हात सापडतो आणि फुलोऱ्यावर जातो. म्हणून त्याच्यासाठी पानगळीतल्या तारखेपासून दोन महिने मागे मोजायचं. उत्तर येतं ऑगस्ट.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी फ्रॉस्टचा प्रश्नच नाही, अडचण उन्हाची. म्हणून इथे मुळ्याचा मुख्य हंगाम हिवाळा, आणि उन्हाळ्यासाठी 'पुसा चेतकी'सारखं वाण.