विश्लेषण : सॉफ्टवेअरचे आराखडे नव्या टूलमध्ये नेताना काय हरवते?

गोरेगाव पूर्वेला निरलॉन आणि नेस्कोच्या आवारात एकेकाळी कारखाने होते. आज तिथे बँका आणि आयटी कंपन्यांची कार्यालये आहेत. कारखान्यात यंत्राचे ड्रॉइंग जपून ठेवले जाई. सॉफ्टवेअरमध्ये ते काम डिझाइन मॉडेल करते. पण हे मॉडेल ज्या टूलमध्ये तयार केले, ते टूलच बदलायची वेळ आली तर? त्याविषयी...

मॉडेल म्हणजे नुसते चित्र का नव्हे?

समजा, एका बँकेच्या प्रणालीत ग्राहक, खाते, कर्ज आणि पेमेंट असे भाग आहेत. मॉडेलमध्ये हे घटक, त्यांचे नियम आणि परस्परसंबंध नोंदवलेले असतात. पडद्यावर दिसणारी आकृती ही त्या नोंदींची एक बाजू. प्रत्येक घटकाला टूल एक स्वतंत्र ओळख क्रमांक देते आणि इतर घटक त्या क्रमांकानेच त्याचा संदर्भ घेतात. काही ठिकाणी तर मॉडेलमधूनच कोड तयार होतो. पुण्यातील टीआरडीडीसी या टाटा समूहाच्या संशोधन केंद्रात विकसित झालेले ‘मास्टरक्राफ्ट’ याच पद्धतीचे. अशा वेळी मॉडेल बिघडले, की पुढचा कोडही बिघडतो.

टूल का बदलावे लागते?

परवान्याचा खर्च, कंपनीची विक्री, जुन्या आवृत्तीचा आधार बंद होणे अशी कारणे असतात. ‘रॅशनल रोझ’ हे त्याचे ठळक उदाहरण. आयबीएमने २००३ मध्ये रॅशनल कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘रॅशनल सॉफ्टवेअर आर्किटेक्ट’ हे नवे टूल आणले. त्यानंतर रोझमधील मॉडेल नव्या टूलमध्ये न्यायचे काम अनेक टीमसमोर उभे राहिले.

मानक असूनही अडचण का?

‘यूएमएल’ ही मॉडेल मांडण्याची भाषा १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने मानक म्हणून स्वीकारली. टूलमधील देवाणघेवाणीसाठी ‘एक्सएमआय’ हे फाइलस्वरूपही आहे. मात्र त्यातून प्रामुख्याने घटक आणि संबंध जातात. आकृत्यांची मांडणी, टूलच्या खास सोयी आणि टीमने जोडलेले जादा रकाने अनेकदा मागेच राहतात. शिवाय भाषाही बदलते. यूएमएलच्या पहिल्या पिढीत कामाचा ओघ दाखवणारी ॲक्टिव्हिटी आकृती ही स्टेट मशीनचाच एक प्रकार मानली जाई. दुसऱ्या पिढीत ती स्वतंत्र झाली. त्यामुळे असे स्थलांतर केवळ कॉपी-पेस्ट नसते, ते रूपांतर असते.

विभागणी आधी की नंतर?

मोठे मॉडेल एकाच फाइलमध्ये असेल तर ते उघडायला वेळ लागतो आणि दोघांनी एकाच वेळी केलेले बदल एकमेकांवर आदळतात. म्हणून तुकडे करावेच लागतात. रोझमध्ये त्यांना ‘कंट्रोल्ड युनिट’ म्हणत, नव्या टूलमध्ये ‘फ्रॅगमेंट’. पण तुकडे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे आयात केले, तर नवे टूल नवे ओळख क्रमांक देऊ शकते. मग ‘कर्ज’मधून ‘ग्राहक’कडे जाणारा दुवा तुटतो. म्हणून सोयीचा क्रम असा : घटकांची फेरमांडणी जुन्या टूलमध्येच करावी, कारण तिथे घटक हलवला तरी संदर्भ टिकतात. मग सारे मॉडेल एकत्र न्यावे. फाइलींचे तुकडे नव्या टूलमध्ये पाडावेत.

रेषा कुठे आखायची?

जो भाग एक टीम सांभाळते, तो एका तुकड्यात ठेवावा. संदर्भ शक्यतो एकाच दिशेने जावेत. ‘कर्ज’ला ‘ग्राहक’ लागतो. पण ‘ग्राहक’लाही ‘कर्ज’ लागत असेल, तर दोन्ही तुकडे कधीच वेगळे होत नाहीत. रक्कम, तारीख, पत्ता अशा सर्वांना लागणाऱ्या व्याख्या तिसऱ्या, क्वचितच बदलणाऱ्या तुकड्यात काढाव्यात. फार बारीक तुकडेही नकोत. नाहीतर एका साध्या बदलासाठी दहा फाइली उघडाव्या लागतात.

खबरदारी कोणती?

सर्वात गुंतागुंतीचा भाग घेऊन आधी चाचणी आयात करावी. घटक, संबंध आणि आकृत्या यांची संख्या आधी आणि नंतर मोजून ताडून पाहावी. स्थलांतराच्या काळात जुन्या मॉडेलमधील बदल थांबवावेत. महत्त्वाच्या आकृत्या पीडीएफमध्ये जपाव्यात आणि जुन्या टूलचा निदान एक परवाना काही काळ चालू ठेवावा. वापरात नसलेले भाग नव्या टूलमध्ये नेण्याऐवजी संग्रहात टाकले तरी चालतात.

हे सारे वेळखाऊ वाटेल. पण प्रणाली ज्यांनी उभी केली, ते अभियंते नोकरी बदलून गेलेले असतात. व्याजाचा नियम बदलायला बसलेल्या नव्या अभियंत्याला तो कुठे कुठे वापरला आहे, हे मॉडेलमधूनच कळणार असते. तिथे एक दुवा जरी तुटला असेल, तर चूक ग्राहकाच्या हप्त्यात दिसू शकते.