डिगॉक्सिन

डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीच्या पानांपासून मिळणारे व हृदयावर क्रिया करणारे एक ग्लायकोसाइड. हृदयाचे वरचे कप्पे (अलिंदे) सुसूत्रपणे आकुंचन न पावता नुसते थरथरत राहिले, म्हणजे नाडी जलद व अनियमित होते. या विकारास अलिंद-तंतुकंपन म्हणतात. त्यात आणि हृदयाचे कार्य अपुरे पडते अशा अवस्थेत हे औषध देतात. उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर अतिशय थोडे असल्याने ते घेताना विशेष दक्षता आवश्यक असते.

या वर्गातील औषधांची ओळख इंग्लिश वैद्य विल्यम विदरिंग यांच्यामुळे झाली. श्रॉपशर परगण्यातील एका वृद्धेच्या घराण्यात जलसंचयावरील एक गुप्त काढा चालत आलेला होता. त्यातील वीसएक वनस्पतींपैकी गुणकारी वनस्पती डिजिटॅलिस परप्युरिया ही होय, हे त्यांनी ओळखले आणि १७८५ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. औषधाचा परिणाम मूत्र, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही दिसू लागताच ते थांबवावे, असा त्यांचा दंडक होता. शुद्ध डिगॉक्सिन १९३० मध्ये सिडनी स्मिथ यांनी वेगळे केले.

डिगॉक्सिनामुळे हृत्स्नायूच्या कोशिकांतील सोडियम-पोटॅशियम पंपाचे कार्य मंदावते व आकुंचनास जोर येतो. शिवाय प्राणेशा तंत्रिकेचा प्रभाव वाढून अलिंदांकडून निलयांकडे जाणाऱ्या आवेगांना अडथळा होतो व नाडीची गती उतरते. मूळ अनियमितता मात्र यामुळे नाहीशी होत नाही. अलिंदात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोकाही टळत नाही; त्यासाठी रक्त न गोठू देणारे औषध निराळे द्यावे लागते. श्रम करताना याचा प्रभाव कमी पडतो. त्यामुळे आता बहुधा बीटा-रोधक औषधांना प्राधान्य मिळते. तथापि हृदय दुर्बल असून रक्तदाबही कमी असलेल्या रुग्णांत डिगॉक्सिनाचे स्थान टिकून आहे.

प्रौढांत रोजची मात्रा बहुधा ०.१२५ ते ०.२५ मिग्रॅ. असते. औषधाचा मोठा भाग वृक्कांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. वृक्के निरोगी असताना शरीरातील साठा निम्म्यावर येण्यास सुमारे ३६ ते ४८ तास लागतात. ती निकामी झाल्यास हाच काळ चार-पाच दिवसांपर्यंत लांबतो. वृद्धांत नेहमीची मात्रा हळूहळू साचून विषबाधा होते ती यामुळेच. भारतात आठवड्यातून पाच दिवस गोळी व दोन दिवस खंड अशी एक पद्धत रूढ आहे. वृक्कांच्या क्षमतेनुसार ठरविलेली अल्प मात्रा रोज घेणे हे तिच्यापेक्षा अधिक सयुक्तिक वाटते. पण हा बदल वैद्यानेच करावयाचा असतो. एखादी गोळी चुकल्यास ती भरून काढण्यासाठी पुढील वेळी दोन गोळ्या घेणे धोक्याचे असते.

रक्तातील पोटॅशियम कमी झाल्यास नेहमीची मात्राही विषारी ठरते. लघवी वाढविणारी औषधे या रुग्णांना वारंवार द्यावी लागतात व त्यांमुळे पोटॅशियम घटते. जुलाब व उलट्या यांमुळेही तसेच होते. ज्येष्ठमध दीर्घकाळ भरपूर घेण्याचाही हाच परिणाम होतो. घरगुती औषध म्हणून त्याचा उल्लेख रुग्ण वैद्याजवळ सहसा करीत नाही. ॲमिओडॅरोन, व्हेरापॅमिल व क्लॅरिथ्रोमायसीन यांमुळे डिगॉक्सिनाचे रक्तातील प्रमाण वाढते. हे प्रमाण मोजण्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर निदान सहा तासांनी काढावे लागते. दर मिलि. रक्तरसात २ नॅनोग्रॅमपेक्षा अधिक डिगॉक्सिन आढळल्यास विषबाधेची शक्यता बरीच वाढते. पोटॅशियम कमी असल्यास त्याहून कमी प्रमाणातही ती होते.

विषबाधेची सुरुवात फसवी असते. अन्नावरची वासना जाते, मळमळते, थकवा येतो, वृद्धांत भ्रम होतो. अपचन समजून चार दिवस काढले जातात व गोळी चालूच राहते. काहींना वस्तू पिवळसर दिसतात किंवा दिव्यांभोवती वलये दिसतात. नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ती अनियमित असल्याने पंधरा सेकंदांवरून केलेला हिशेब फसतो. ठोके ६० पेक्षा कमी असल्यास पुढील गोळी घेण्यापूर्वी वैद्याला विचारावे. अलिंद-तंतुकंपनाच्या रुग्णाची नाडी एकाएकी मंद व नियमित झाली, तर ती सुधारणा समजू नये. अलिंद व निलय यांच्यामधील संवहन पूर्णपणे तुटल्याचे ते लक्षण असू शकते आणि विद्युत् हृल्लेख तत्काळ काढावा लागतो.

गंभीर विषबाधेवर डिगॉक्सिनाला बांधून ठेवणारे प्रतिपिंडांचे अंश शिरेतून देतात. माणसावर हा उपाय यशस्वी झाल्याचे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात कुंपणाला सर्रास आढळणाऱ्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांत याच प्रकारची ग्लायकोसाइडे असतात. त्यांच्या विषबाधेत हृदयाची अवस्था डिगॉक्सिनाच्या विषबाधेसारखीच होते व त्यावरही हेच प्रतिविष उपयोगी पडते.