काय होतंय?

माझ्या लहानपणी सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी डकवलेली असे. कंपाउंडरने कात्रीने तिला खाचा पाडलेल्या असत. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. आजीला अक्षरओळख नव्हती, पण ती पट्टी तिला बिनचूक वाचता येई. डॉक्टर काय म्हणाले, असं विचारलं तर मात्र ती नुसती हात उडवायची. त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत आजी, मग आई आणि आता मावशी अशा तिघींचा हात धरून मी ओपीडीच्या बाकांवर बसत आले. त्या बाकांवरून ऐकलेल्या बोलण्याचा हा मागोवा.

नव्वदीपर्यंतची ओपीडी म्हणजे मोजून पाच-सहा वाक्यं. केसपेपर काढलाय का? कोण आहे बरोबर? आज नाही, सोमवारी या. उपाशीपोटी या. हे औषध बाहेरून आणा. आणि या सगळ्याच्या मध्ये, डॉक्टरांच्या टेबलापाशी, एकच प्रश्न: काय होतंय?

खरी गंमत त्या प्रश्नानंतर व्हायची. मराठी माणसाकडे दुखण्याचे शब्द भरपूर. ठसठसणं वेगळं, ठणकणं वेगळं. कळ येते आणि जाते, चमक भरते, आग होते ती भगभगते, पोटऱ्यांत गोळे येतात, जीव कसानुसा होतो. प्रत्येक शब्दात अर्धं निदान असतं; ठसठस म्हटलं की आत पू धरला असावा हे गावातल्या म्हातारीलाही कळतं. पण मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडे वैद्यक इंग्रजीत शिकवलं जातं. त्यामुळे हे सगळे शब्द केसपेपरवर पोचेपर्यंत एकच होऊन जात: ‘पेन’. घरी मराठी बोलणारा डॉक्टरही खुर्चीत बसला की हे शब्द विसरल्यासारखा करी. परप्रांतातून शिकायला आलेल्याला तर ‘अंगावरून जातंय’ म्हणजे काय, हे शेजारी उभ्या असलेल्या आयाबाईच हळूच सांगत. दुभाष्याचं ते काम त्यांच्या पगारात नव्हतं.

त्या आयाबाईंना पेशंट मावशी म्हणत, वॉर्डबॉयला मामा. नाती खालून वर अशी जोडली जात. वरून खाली यायचं ते ‘ए आजी, सरक तिकडं’. आईला आयुष्यभर शाळेत ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ ऐकायची सवय होती. एका रुग्णालयात पंचविशीतल्या मुलाने तिला ‘काय गं, गोळ्या घेतल्यास का?’ असं विचारलं, तेव्हा ती उत्तरच देईना. मुलगा वाईट नव्हता. प्रेमानेच विचारत होता बिचारा. पण त्या दिवशी तिचं रक्तदाब मोजणं पुढे ढकलावं लागलं.

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आणली, पण सगळ्यांना मोफत उपचार देणारी रुग्णालयं त्यातून वगळली. खासगीत बोलणं वाढलं ते सह्यांच्या कागदांपुरतं. सरकारी बाकावर काही हललं नाही.

हललं ते दोन आजारांमुळे. एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि नंतर पेशंटशी बोललंच पाहिजे असा नियम झाला आणि त्यासाठी समुपदेशक नावाचा माणूस नेमला गेला. 1 एप्रिल 2004 पासून एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधं सुरू झाली; सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. समुपदेशकाची खोली रुग्णालयातल्या कुठल्या तरी कोपऱ्यात, पण दार लावता येणारी. ओपीडीत दार लावून बोलायची सोय मी तरी पहिल्यांदा तिथेच पाहिली. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय’ हे ऐकून हसतमुखाने उठणारा माणूस तिथे पुन्हा खाली बसवला जाई आणि त्याला मराठीत सांगितलं जाई. क्षयरोगात 1997 पासून डॉट्स आलं. पेशंटच्या नावाचा गोळ्यांचा खोका केंद्रावर ठेवलेला, सुरुवातीचे महिने दिवसाआड यायचं आणि कुणाच्या तरी समोर गोळी गिळायची. हे जाचकच होतं, मजुराची रोजी बुडायची. पण दिवसाआड कुणीतरी चेहरा बघायचं, ‘उलटी झाली का रे?’ असं विचारायचं. पुढे रोज घ्यायच्या गोळ्या आल्या आणि त्या घरी मिळू लागल्या. काही पाकिटांत गोळी काढली की खाली दडलेला नंबर दिसे. त्यावर फुकटचा फोन लावला की गोळी घेतल्याची नोंद होई. सोय झाली, विचारणारं माणूस मात्र गेलं.

माझं म्हणणं एवढंच की दवाखान्यात बोलणं तिथेच झालं जिथे ते कुणाचं तरी नेमून दिलेलं काम होतं. बाकी ठिकाणी ते स्वभावावर सोडलं होतं, आणि टेबलावर केसपेपरांचा ढीग असताना स्वभाव किती पुरणार? एवढं करून हे समुपदेशकही कंत्राटी. दरवर्षी मुदतवाढीची वाट बघणारी माणसं दुसऱ्याला धीर देत बसतात.

न बोलण्याची किंमत मार्च 2017 मध्ये दिसली. धुळ्याला निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी बेदम मारलं, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांना संरक्षण हवंच होतं. ते आलं, आणि रुग्णालयात शिरताना कानावर पडणारं पहिलं वाक्य सुरक्षारक्षकाचं झालं: ‘कुठं निघालात? पास?’

मग कागदांची आणि पडद्यांची पाळी. 2016 मध्ये औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा असा नियम निघाला. म्हणजे औषधवाल्याला वाचता येईल, पेशंटला नव्हे. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदी चालू असताना, ई-संजीवनीवर घरबसल्या ओपीडी आली. 2022 पासून क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरचं टोकन मिळू लागलं. रांग खरंच आखडली, ते नाकारणार नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या म्हाताऱ्या मात्र शेजारच्या पोराला ‘एवढं करून दे रे’ म्हणतात.

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलावं हा विषय पहिल्या वर्षापासून घातला गेला आहे. त्या तुकडीतला एक मुलगा गेल्या वर्षी मावशीच्या वाट्याला आला. उठून खुर्ची दिली, ‘तुम्ही’ म्हणाला, साखरेच्या गोळ्या कधी आणि कशा घ्यायच्या ते नीट समजावलं. मग शिकवल्याप्रमाणे म्हणाला, “आजी, मी आत्ता काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा बघू.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “का रे बाबा,” ती कळवळून म्हणाली, “एवढ्यात विसरलास होय?”